जिमखान्याच्या रजिस्टरला पर्याय : सांगलीतल्या कॉलेजच्या मैदानावर 'सोपार्क' कितपत चालतं?

कॉलेजच्या मैदानाचा वापर किती होतो असं विचारलं, की जिमखान्यातून रजिस्टर पुढे येतं. बॅट नेल्याची सही, चेंडू परत केल्याची सही. मैदानावर त्या वेळी किती जण होते, त्यात मुली किती, खेळत किती आणि कडेला बसून किती, यातलं काहीही त्यात सापडत नाही. शारीरिक शिक्षणात पीएच.डी. करणारा विद्यार्थी आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फाइल भरणारे क्रीडा संचालक, दोघंही इथेच अडतात.

या कामासाठी 'सोपार्क' (SOPARC) ही, मैदानावर किती जण आहेत आणि काय करताहेत हे नजर फिरवून टिपणारी निरीक्षणपद्धत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. थॉमस मॅकेन्झी, डेबोरा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेतल्या सार्वजनिक उद्यानांसाठी बनवली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. नियमपुस्तिका आणि नोंदीचा फॉर्म फुकट मिळतो. ज्या मैदानाला फाटक एक आणि वाटा चार, तिथे दारावर हजेरी घेण्यात अर्थ नसतो. सोपार्कला दार लागतच नाही.

आधी मैदानाचे भाग पाडायचे : कबड्डीचं मैदान, व्हॉलीबॉल कोर्ट, क्रिकेटची खेळपट्टी आणि भोवतालचा भाग, धावपट्टी, कट्टा. एका नजरेत मावेल एवढाच भाग ठेवा आणि हद्दी फक्कीने आखा, नाहीतर दोन निरीक्षक एकाच मुलाला दोन भागांत मोजतात. निरीक्षकाने ठरलेल्या जागी उभं राहून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची. नजर पडली त्या क्षणी माणूस बसलेला किंवा जागेवर उभा होता, चालत होता की जोरात हालचाल करत होता, एवढंच टिपायचं. बायकांची फेरी वेगळी, पुरुषांची वेगळी. नजर पुढे सरकल्यावर मागून कोणी आत आलं तर ते मोजायचं नाही. नवखे निरीक्षक हमखास मागे वळून पाहतात आणि आकडा फुगतो. शिवाय प्रत्येक भाग वापरण्याजोगा आहे का, साहित्य आहे का, कोणी देखरेख करतंय का, उजेड आहे का, याच्याही खुणा करायच्या असतात. संशोधनात या खुणा फार मोलाच्या ठरतात, कारण कोर्ट रिकामं दिसलं तर जाळी नव्हती म्हणून की मुलंच नव्हती म्हणून, हे त्यातूनच कळतं.

स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या फेऱ्या ही या पद्धतीची सगळ्यात मोठी ताकद. मैदान गजबजलेलं दिसत असताना मुलींच्या रकान्यात शून्यच पडलं, तर तो कागद प्राचार्यांसमोर ठेवता येतो.

आता जिथे बदल करावाच लागतो ते. मूळ पद्धतीतले वयोगट १२ वर्षांपर्यंत, १३ ते २०, २१ ते ५९ आणि ६० च्या पुढे असे आहेत. म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या बरोबर मधून रेघ जाते. एस.वाय.चा मुलगा एका रकान्यात, एम.एस्सी.चा दुसऱ्यात, आणि लांबून पाहून वीस की एकवीस हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी विद्यार्थी, कर्मचारी आणि बाहेरचे असे तीन गट करा. पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ तिसऱ्या गटात जातील. अमेरिकी फॉर्ममधला वंशाचा रकाना सरळ काढून टाका. मात्र केलेला प्रत्येक बदल प्रबंधात लिहा, नाहीतर तुमचे आकडे दुसऱ्या अभ्यासाशी ताडता येणार नाहीत.

वेळांचंही तसंच. मूळ वेळा सकाळी ७.३०, दुपारी १२.३०, ३.३० आणि संध्याकाळी ६.३०. सांगलीत सरावाची मुलं सकाळी सहाला मैदानात असतात आणि साडेसातला तासाला पळतात. डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला अंधार पडलेला असतो. तासगाव, कवठेमहांकाळकडून एसटीने येणारे विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधी स्टँडवर गेलेले असतात. सकाळी ६.१५, ११, दुपारी ४ आणि ५.३० या वेळा इथे जास्त खऱ्या ठरतील. आठवडाभर, रविवार धरून, आणि निदान दोन ऋतूंत फेऱ्या घ्या. नुसत्या जुलैतल्या आकड्यांवरून वर्षाचा निष्कर्ष काढू नका.

क्रिकेटचा घोळ वेगळा आहे. गोलंदाज धावत येतो तेव्हा बाकीचे बहुतेक जण जागेवर उभे असतात, म्हणून रंगात आलेला सामना 'बसलेले-उभे' या रकान्यात पडतो. कबड्डीतही दोन चढायांच्या मधल्या क्षणी नजर पडली तर तेच. यावर उपाय म्हणजे खेळाचं नाव नोंदवणं आणि त्याच भागात पाच-पाच मिनिटांनी तीन फेऱ्या करणं.

साहित्य थोडंच लागतं : क्लिपबोर्ड, घड्याळ, भागांचा नकाशा आणि पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी बसवलेले तीन टॅली काउंटर, प्रत्येक हालचालीला एक. निरीक्षक म्हणून एनएसएसचे स्वयंसेवक चालतात, पण दोन दिवस मैदानावर शिकवल्याशिवाय नाही. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न पाहता नोंद करावी. जुळलेल्या नोंदी भागिले एकूण नोंदी गुणिले शंभर. ८० टक्क्यांच्या खाली आलं तर पुन्हा शिकवा, आकडे दुरुस्त करत बसू नका.

सोपार्क डोकी मोजतं, माणसं ओळखत नाही. रोज येणारे तेच चाळीस जण की वेगवेगळे दोनशे, हे त्यातून कळत नाही, आणि जे येतच नाहीत ते का येत नाहीत हेही नाही. त्यासाठी वर्गावर्गांत प्रश्नावली द्यावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची जीपॅक (GPAQ) ही शारीरिक हालचालींची प्रश्नावली मराठीत नीट उतरवून आधी वीस-पंचवीस जणांवर तपासून घ्या. एकाच आवारात ज्युनिअर कॉलेज असेल तर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

फॉर्म भरताना एक गोष्ट जपा. पावसाने मैदान ओस असेल तरी फेरी करून शून्य लिहा. जागा कोरी सोडली, की ती फेरी झालीच नाही असं धरलं जातं आणि सरासरी वर जाते.