इव्हेंटची सिक्युरिटी एजन्सी: गणपती ते लग्नसराई, वापरानंतरचा अनुभव (मध्येच सुधारलेला)

एजन्सीचं नाव लिहीत नाही. बिलाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि नाशिक लहान आहे.

गंगापूर रोडला आमचं लॉन्स. लग्नं, प्रदर्शनं, नवरात्रात गरबा. जुना वॉचमन आणि दोन-चार ओळखीची पोरं एवढ्यावर आजवर भागत होतं, पण गरब्याची गर्दी दरवर्षी वाढते आहे. पोलिस परवानगीही आयोजकाच्या नावावर असते, एजन्सीच्या नाही. म्हणून गणपतीच्या सुमारास पसारा (PSARA, खाजगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा) लायसन्स असलेली एजन्सी धरली. लायसन्स खरं होतं, मुदतीतलं होतं. एक सांगतो, एका जिल्ह्याच्या लायसन्सची सरकारी फी ५,००० रुपये आहे आणि ते पाच वर्षं चालतं. फ्रेम केलेला कागद बघून कुणी भारावून जाऊ नये.

गणपतीत काम चोख झालं. माणसं मोजकी, सगळी वेळेवर. तेव्हा मी मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो, हीच एजन्सी घ्या.

मग नवरात्र. चाळीस गार्ड सांगितले होते. तिसऱ्या माळेला संध्याकाळी मागच्या गेटला टेम्पो लागला. सुपरवायझरने गोणी सोडली आणि त्यातून निळे शर्ट आणि टोप्या निघाल्या. पोरं मापाचा शर्ट शोधत होती, मापाचा नाही मिळाला तर बाह्या दुमडत होती. पाच मिनिटांत तिशीच्या आसपास ‘गार्ड’ तयार. माझी नजर खाली गेली. अर्ध्याअधिकांच्या पायात स्लिपर. एकाच्या अंगठ्यावर सिमेंट वाळलेलं.

‘आज कुठे होतास रे?’
‘स्लॅब होता काका, आनंदवल्लीला.’

तेव्हापासून मी बुटांवर अडून बसलोय. घरचे हसतात, हसू देत. शर्ट, टोपी, गळ्यातली शिट्टी हे सगळं गोणीतून निघतं. बूट मात्र ज्याचे त्याला लागतात. जो रोज ड्युटी करतो त्याच्याकडे काळे बूट असतातच, झिजलेले का असेनात. स्लिपरवाला दुपारी नाक्यावरून उचललेला असतो.

कायदा याबाबत काही मोघम नाही. पसारा कायद्याप्रमाणे गार्डचं वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी झालेली, प्रशिक्षण झालेलं, फोटोचं ओळखपत्र एजन्सीने दिलेलं. केंद्राच्या नमुना नियमांत प्रशिक्षण म्हणजे वर्गातले १०० तास आणि प्रत्यक्ष ६० तास. बाउन्सर नावाची वेगळी जात त्या कायद्यात कुठेच नाही, त्यामुळे काळा टी-शर्ट घातलेल्या दंडवाल्यालाही हेच लागू. स्लॅबवरून आलेल्या पोराला १६० तास कुणी दिले? त्याचा दोष नाही, त्याला रात्रीची हजेरी हवी होती.

एजन्सीच्या मालकाला फोन केला. ते म्हणाले, ‘शेठ, इव्हेंटला असंच असतं. कंपन्यांवरची पोरं काढून देऊ का?’ आणि चौथ्या माळेला खरंच काढून दिली. अंबड-सातपूरला दिवसाची बारा तास ड्युटी करून आलेली, बूटवाली, ओळखपत्रवाली माणसं. दहाच्या आत निम्मी माझ्याच खुर्च्यांवर पेंगत होती.

इथे माझं मत थोडं सरकलं. नऊ रात्रींसाठी कुणी चाळीस माणसं वर्षभर पगारावर ठेवत नाही. एजन्सीच्या पटावरची प्रशिक्षित माणसं आधीच कुठे ना कुठे लागलेली असतात. म्हणजे इव्हेंटला जादा माणूस येतो तो एक तर डबल ड्युटीवाला, नाही तर नाक्यावरचा. बूटवाला जागा नाही आणि जागा आहे त्याला बूट नाहीत. म्हणून आता मी माणसांची नावानिशी यादी आठ दिवस आधी मागतो, सोबत त्यांचा त्या आठवड्याचा ड्युटी चार्ट. कायद्याने एजन्सीला गार्डचं रजिस्टर ठेवावंच लागतं, तेव्हा ‘यादी नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

बिलाची तऱ्हा निराळीच. बिल रोजच्या चाळिसांचं. मी पॉइंटवार फोनमध्ये फोटो काढून ठेवले होते, त्यात एकतीसच्या वर माणूस कधी दिसला नाही. मस्टरवरच्या सह्या एकाच हातच्या, एकाच पेनच्या. वर १८ टक्के जीएसटी लावलेला. एजन्सी प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची, कंपनी नाही; आणि आमची जीएसटी नोंदणी आहे. आमचे सीए म्हणाले, २०१९ पासून अशा वेळी कर रिव्हर्स चार्जने आपण थेट भरायचा, त्यांनी बिलात लावायचाच नाही. जीएसटी निघाला. माणसांच्या आकड्यावर अजून ओढाताण चालू आहे.

डिसेंबरच्या प्रदर्शनाच्या वर्क ऑर्डरमध्ये मी लिहिलंच: बूट नसतील तर हजेरी धरणार नाही. मालकांनी काय केलं असेल? सगळ्यांना नवे बूट वाटले, बहुतेक एकाच मापाचे. पोरं लंगडत होती. दोघांनी मागच्या गेटला काढूनही ठेवले. माझी हुकमी खूण अशी वाया गेली. आता गेटवर ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी लावून बघतो. वेळ जातो, पण बघतो.

तरी एजन्सी सोडली नाही, त्याला कारण आहे. त्यांच्याकडे पंचवटीच्या एक ताई आहेत, लेडी गार्ड, महिलांच्या तपासणीच्या रांगेला. चप्पल घालूनच येतात, बुटाने टाच दुखते म्हणे. आठव्या माळेला आपत्कालीन गेटसमोर एका माजी नगरसेवकाची गाडी लागली. सुपरवायझर ‘साहेब, साहेब’ करत उभा. ताई आल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘दादा, गाडी काढा. नाही तर गरबा थांबवून माइकवर नंबर पुकारायला लावते.’ गाडी निघाली. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले, त्या गावात बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणारं माणूस मला बूटवाल्या दहा जणांपेक्षा मोलाचं वाटतं.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. तोवर दर चढणार, आणि नाक्यावरचा प्रत्येक पोरगा निळ्या शर्टात दिसणार. ज्यांची मोठी कार्यं त्या काळात आहेत त्यांनी यादीसकट करार आत्ताच करावा, ॲडव्हान्स कमी द्यावा, आणि हजेरी स्वतःच्या माणसाकडून घ्यावी.

पुढच्या लग्नांचं काम मी त्यांनाच दिलंय. माणसं कमी केली, डबल ड्युटीवाला चालणार नाही असं लिहून घेतलं, आणि ताईंचं नाव वर्क ऑर्डरमध्ये घातलं. मालक म्हणाले, त्यांचा दर वेगळा लागेल. म्हटलं, लावा, पण तो फरक त्यांच्या हातात पडला याची सही मला दाखवायची.