व्हीगन राहायला मला सगळ्यात जास्त साथ दिलेली गोष्ट : आठवड्याची गुलाबी गोळी

व्हीगन होऊन, म्हणजे मांस, अंडी, दूध, प्राण्यांपासूनचं सगळंच सोडून, सात वर्षं झाली. लोक विचारतात एवढी वर्षं कसं जमलं, चीजची आठवण येत नाही का, बाहेर जेवायला गेल्यावर काय करतेस, आणि मला दरवेळी वाटतं की हे सगळे पहिल्या सहा महिन्यांचे प्रश्न आहेत, नंतर जिभेला सवय होऊन जाते. खरी परीक्षा दुसऱ्या तिसऱ्या वर्षी येते आणि ती ताटात दिसत नाही. म्हणून आज ज्या गोष्टीचा रिव्ह्यू लिहितेय ती अगदी साधी आहे, बी-१२ व्हिटॅमिनची चघळायची गोळी, २००० मायक्रोग्रॅमची, आठवड्यातून एकदा घ्यायची. साडेचार वर्षं मी हीच घेतेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, अशा गोळ्या बरेच जण बनवतात, बाटली हातात घेतल्यावर काय बघायचं ते कळलं की झालं.

आधी माझं काय झालं ते सांगते, नाहीतर एका गोळीवर एवढं का लिहितेय ते कळणार नाही. पहिली दोन वर्षं मी काहीच घेतलं नाही. मला मनापासून वाटायचं की मी इतक्या डाळी, पालेभाज्या, बिया, दाणे खातेय, शिवाय रोज सकाळी स्पिरुलिनाची, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाची पावडर घेतेय ज्याच्या डब्यावर मोठ्ठ्या अक्षरांत बी-१२ लिहिलंय, मग अजून काय पाहिजे. दीड वर्ष मस्त गेलं. का गेलं ते नंतर कळलं, लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षंसुद्धा पुरू शकतो, म्हणजे बाहेरून येणं बंद झालं तरी शरीर जुन्या शिलकीवर चालत राहतं आणि आपण सगळ्यांना सांगत फिरतो की बघा मला काही झालं नाही.

मग पायाच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या. जीभ सोलल्यासारखी लाल आणि दुखरी, बोलता बोलता साधे शब्द आठवेनात, जिना चढून आले की बसावंसं वाटायचं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन एकदम व्यवस्थित, म्हणून मी अजून चार महिने तशीच काढली आणि ती चूक मला आजही लागते. डाळी आणि पालेभाज्यांत फोलेट, म्हणजे बी गटातलंच दुसरं एक व्हिटॅमिन, भरपूर असतं, आणि फोलेट भरपूर असलं की बी-१२ कमी पडूनसुद्धा रक्तात अ‍ॅनिमिया दिसेलच असं नाही, पण नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहू शकतं. म्हणजे व्हीगन माणसाचं जेवण जितकं चांगलं तितकं हे झाकलं जायची शक्यता जास्त. शेवटी बहिणीने हट्ट धरला, म्हणाली ताई तू आता फोनवर तेच तेच दोनदा सांगतेस, जा आणि नीट दाखव. बी-१२ तपासलं तर १३८, आणि रिपोर्टवर खालची मर्यादा २०० होती. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, काही आठवड्यांत मुंग्या कमी झाल्या, पूर्ण जायला मात्र जवळजवळ वर्ष गेलं. तुम्हाला अशी लक्षणं असतील तर खाली लिहिलेली गोळी आणून बसू नका, आधी डॉक्टर. ही गोळी पातळी टिकवायला आहे, एकदा खाली गेलेली भरून काढायला वेगळे उपचार लागतात.

आता स्पिरुलिनाचं. त्यात जे असतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं दुसरंच काहीतरी असतं, माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही, पण काही टेस्टमध्ये ते मोजलं जातं आणि आकडा उगाच बरा दिसू शकतो. म्हणून मी पावडर बंद केली आणि आता बी-१२ सोबत होमोसिस्टीन हा रक्तातला एक घटक पण तपासून घेते, बी-१२ कमी पडलं की तो वाढतो.

इंजेक्शनं संपल्यावर रोजचं काय घ्यायचं हे शोधताना अर्धं वर्ष वाया गेलं. पहिलं आणलं ते कॅप्सूल, घरी येऊन नीट वाचलं तर कवच जिलेटीनचं, म्हणजे जनावरांच्या कातडी आणि हाडांपासून केलेलं. दुसरं होतं मल्टीव्हिटॅमिन, त्यात डी-३ होतं आणि ते कशापासून काढलंय असं मी कंपनीला लिहून विचारलं तर दोन वेळा गोल गोल उत्तर आलं, तिसऱ्यांदा कबूल केलं की लॅनोलिनपासून, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरच्या मेणापासून. मला तेव्हा खरंच राग आला होता, कारण बाटलीवर हिरवं पान छापलेलं होतं आणि आपण विश्वासाने घेतो. तेव्हापासून मी हिरवं पान वगैरे काही बघत नाही, सरळ मागची बाजू वाचते. जिलेटीन, लॅक्टोज, शेलॅक म्हणजे लाखेचा थर, आणि मॅग्नेशियम स्टिअरेट, हे शेवटचं वनस्पतीचंही असतं आणि प्राण्यांच्या चरबीचंही, त्यामुळे ते दिसलं की विचारावंच लागतं.

या गोळीत आहे फक्त सायनोकोबालामिन म्हणजे बी-१२ चाच एक प्रकार, गोडीसाठी झायलिटॉल, सेल्युलोज, वनस्पतीचं स्टिअरेट आणि चेरीचा फ्लेवर. व्हीगन प्रमाणपत्राचा शिक्का आहे आणि मी विचारल्यावर दोन दिवसांत सरळ उत्तर आलं. रंग फिकट गुलाबी, तो बाहेरून घातलेला नाहीये, बी-१२ स्वतःच गडद लाल असतं, त्याच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो. आणि कुठल्याही कंपनीची गोळी असो, बी-१२ बनवतात ते बॅक्टेरियाच, मोठ्या टाक्यांत त्यांना वाढवून. ना झाड बनवतं ना प्राणी. गाईच्या पोटातही बॅक्टेरियाच गवतातल्या कोबाल्टपासून ते बनवतात आणि तिथून ते दुधात मांसात जातं. आपल्याही मोठ्या आतड्यात बनतं पण ते शोषायची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी आहे, त्यामुळे हाती काही लागत नाही. जे म्हणतात गोळी घ्यावी लागते म्हणजे हे खाणं अनैसर्गिक, त्यांना मी एवढंच सांगते की कित्येक ठिकाणी जनावरांच्या चाऱ्यातही कोबाल्ट किंवा बी-१२ मिसळतात, मी ते मधला प्राणी टाळून घेते.

डोसबद्दल लोक घाबरतात. दिवसाची गरज अमेरिकेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला २.४ मायक्रोग्रॅम, युरोपात ४ धरतात, आणि इथे गोळी २००० ची! मलाही पहिल्यांदा वाटलं की छपाई चुकली. पण शरीरात बी-१२ आत घेणारी जी यंत्रणा आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवरच भरून जाते, उरलेल्यातलं साधारण एक टक्का नुसतं झिरपून आत जातं. म्हणजे २००० मधले वीसेक मायक्रोग्रॅम, ते सात दिवसांत वाटले की दिवसाला तीनच्या जवळ. द व्हीगन सोसायटी पण हेच सांगते, एकतर दिवसातून दोन-तीन वेळा फोर्टिफाइड, म्हणजे वरून बी-१२ घातलेले, पदार्थ खाऊन किमान ३ मायक्रोग्रॅम मिळवा, किंवा रोज १० ची गोळी, किंवा आठवड्याला २००० ची. तिन्ही चालतं. फोर्टिफाइड सोया दूध मी घेतेच पण त्याच्या भरवशावर राहवत नाही, खोका हलवायला विसरलं की घातलेलं तळाशी बसू शकतं, कधी वेगळंच दूध आणलं जातं ज्यात काही घातलेलंच नसतं.

रोजच्यापेक्षा आठवड्याचं मला का बरं पडलं, तर मी रोजची गोळी विसरते. रविवार ठरवलाय, सकाळी पाण्याचा पहिला ग्लास आणि गोळी, गोळ्या ग्लासांच्या शेजारीच ठेवल्यात. प्रवासाला जाताना काही न्यावं लागत नाही. एखादा रविवार चुकला तर सोमवारी आठवतं तेव्हा घेते, साठा असतो म्हणून एका दिवसाने काही बिघडत नाही, पण "एका दिवसाने काही होत नाही" असं करत तीन महिने जाऊ नयेत म्हणून फोनमध्ये रिमाइंडर आहेच.

सायनोकोबालामिन घ्यायचं की मिथाइलकोबालामिन हा बी-१२ चा दुसरा प्रकार, म्हणजे सायनो की मिथाइल, हा वाद तुम्हाला सगळीकडे दिसेल. सायनो नावातलं सायनाइड ऐकून माझी मैत्रीण इतकी घाबरली की तिने बाटली परत केली. १००० मायक्रोग्रॅममध्ये सायनाइडचा भाग साधारण २० मायक्रोग्रॅम असतो, चमचाभर जवसातून त्याहून कितीतरी जास्त तयार होऊ शकतं आणि ते आपण तब्येतीसाठी खातो. सायनो टिकाऊ आहे आणि डोसवरचा जास्त अभ्यास त्याच्यावरच झालाय, म्हणून मी तेच घेते. किडनीचा त्रास असेल तर मात्र स्वतःच्या मनाने ठरवू नका. आणि जिभेखाली ठेवायच्या म्हणून वेगळ्या विकतात त्यांना जास्त भाव द्यायची मला गरज वाटत नाही, साध्या गिळायच्या गोळीपेक्षा त्या जास्त शोषल्या जातात असं काही दिसलेलं नाही.

तक्रारी पण आहेत. चेरीची चव खोटी आणि अति गोड, रिकाम्या पोटी नको वाटते, इतक्या वर्षांत सवय झाली नाही. लेबलवरची घटकांची अक्षरं इतकी बारीक आहेत की मी फोनने फोटो काढून मोठा करून वाचते, ज्या लोकांना वाचल्याशिवाय घेताच येत नाही त्यांच्यासाठी बनवलेल्या वस्तूवर हे बरं नाही. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे मधे एकदा त्यांनी बाटली बदलली, गडद तपकिरी होती ती पारदर्शक केली. बी-१२ उजेडाने खराब होतं हे बनवणाऱ्यांना माहीत असणारच, तरी केलं. मी त्यांना लिहिलं, अजून काही बदललेलं नाही, सध्या बाटली कपाटात बंद असते आणि ग्लासांशेजारी थोड्या गोळ्यांचा एक छोटा अपारदर्शक डबा ठेवलाय. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं, घरात कुत्रा असेल तर बाटली उंचावर ठेवा, हेही लेबलवर लिहायला हवं होतं. या सगळ्याचा मिळून एक स्टार कापते, पाचातले चार.

आणि या एका गोळीने सगळं भागत नाही. डी-३ मी लायकेनपासून म्हणजे दगडफुलासारख्या वाढीपासून केलेलं वेगळं घेते, ओमेगा-३ साठी शेवाळाचं तेल, मासेसुद्धा ते शेवाळातूनच मिळवतात. आयोडिन मिठातून होतं. बाकी जेवण.

व्हीगन हा शब्द डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी इंग्लंडमध्ये १९४४ च्या नोव्हेंबरात काढला, आणि बी-१२ शोधून वेगळं केलं गेलं १९४८ मध्ये, त्याची रचना शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये उलगडली. म्हणजे सुरुवातीच्या त्या माणसांना आपल्याला काय कमी पडतंय त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्यांच्यातल्या काही जणांची तब्येत ढासळली असेल आणि ते नाइलाजाने परत फिरले असतील, माझ्या मुंग्यांच्या दिवसांत मी पण त्याच टोकाला आले होते, एकदा दुकानात दुधाची पिशवी हातात घेऊन उभी होते आणि रडू येत होतं, कारण मी हे सगळं ज्या वासरांसाठी सोडलं होतं ती काही माझ्या डोळ्यांपुढून गेली नव्हती. ती पिशवी मी परत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

गेल्या महिन्यात तपासलं, बी-१२ ५१२, होमोसिस्टीन नॉर्मल. बहीण पण आता व्हीगन झालीये, तिला दिवस गेलेत आणि अशा वेळी गरज वाढते, तर तिच्या डॉक्टरांनी तिला रोजचा डोस लिहून दिलाय. या रविवारी मी माझी घेतली आणि तिला फोन करून विचारलं, तिची सकाळीच घेऊन झाली होती.