आयक्लरच्या घरात अकरा महिने

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमधल्या या घरात भाड्याने आलो तेव्हा आयक्लर हे नावही मला माहीत नव्हतं. रस्त्यावरून दिसतं ते गॅरेजचं दार, लाकडी फळ्यांची भिंत आणि जवळजवळ सपाट छप्पर. खिडकी जवळपास नाहीच. "हे घर आहे की गोडाऊन?" नवरा म्हणाला. दार उघडलं तर आत पुन्हा आभाळ! मधोमध उघडा चौक, म्हणजे इकडचं एट्रियम, आणि त्याच्याभोवती जमिनीपासून छतापर्यंत काचा. पडदे न लावता बिनधास्त राहता येतं, कारण बाहेरच्याला आतलं काही दिसतच नाही.

जोसेफ आयक्लर बिल्डर होता, आर्किटेक्ट नव्हे. फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकी आर्किटेक्टने डिझाइन केलेल्या एका घरात तो काही काळ भाड्याने राहिला आणि तसलं घर मध्यमवर्गालाही मिळावं असं त्याने मनावर घेतलं. चांगले आर्किटेक्ट गाठून त्याने कॅलिफोर्नियात सुमारे ११,००० घरं बांधली. आमचं १९६०चं. गिऱ्हाइकाचा वर्ण न बघता तो घरं विकायचा, आणि याच मुद्द्यावर १९५८ मध्ये त्याने बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. आमच्या गल्लीतली आजची आडनावं वाचताना हे हटकून आठवतं.

सगळ्यात जास्त प्रेम जमिनीवर. काँक्रीटच्या लादीत पाइप पुरलेत, त्यांतून गरम पाणी फिरतं. जानेवारीत अनवाणी चाला, खाली बसून जेवा, पाय गारठत नाहीत. सासूबाई तर पाट मांडूनच बसायच्या. मात्र बटण दाबलं की लगेच ऊब, असं नाही. लादी तापायला काही तास जातात. आणि पाइप गळला तर? शेजाऱ्यांकडे दिवाणखान्याची फरशी फोडलेली पाहिली, तेव्हापासून बॉयलरचा आवाज जरा बदलला तरी माझे कान टवकारतात.

माळा नाही. छताच्या ज्या सुंदर फळ्या आतून दिसतात, त्यांच्यावर थेट छप्पर. पावसाचा आवाज छान येतो, पण उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला घराची भट्टी होते. काचा एकेरी, त्यामुळे थंडीत गॅसचं बिलही दणदणीत.

स्वयंपाकघर उघडंच आहे. मोहरी तडतडली की घरभर कळतं, आणि भिंतींच्या लाकडी पॅनेलना फोडणीचा वास धरतो तो धरतोच. त्या पॅनेलवर खिळा ठोकायचीही बंदी.

डिसेंबरात एट्रियमचं ड्रेन पानांनी तुंबलं आणि पाणी पार उंबऱ्याला टेकलं. मध्यरात्री छत्री धरून मी पानं उपसत होते, नवरा काचेआडून टॉर्च दाखवत होता.

विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. करार पुढच्या महिन्यात संपतोय. छतावर उष्णता अडवणारा इन्सुलेशनचा फोम मारून द्याल का, असं मालकांना विचारलंय. हो म्हणाले तर आणखी दोन वर्षं इथेच.