गळकं मातीचं धरण: भराव टाकायचा की पाणी उतरवायचं?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हापासून कुठल्याही तलावावर गेलो की माझी नजर आधी बांधाच्या पायथ्याकडे जाते.

गळती दिसली की गावात पहिला उपाय सुचतो तो म्हणजे त्या जागी मुरूम-माती टाकून दाबणं. काम स्वस्त, दोन दिवसांत होणारं, शिवाय साठा शाबूत, म्हणून रब्बीवाल्यांना तेच हवं असतं. पण पाणी शिरतं वरच्या, म्हणजे तलावाकडच्या अंगाने. खालून तोंड बुजवलं की ते भरावात कोंडतं आणि दुसरीकडे वाट काढतं. खाली टाकायचंच तर आधी वाळू, मग खडी, वर दगड. पाणी निघावं, माती अडावी.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी सोडून पातळी उतरवायची आणि उन्हाळ्यात वरच्या अंगाने दुरुस्ती करायची. एक हंगाम पाण्याची ओढ सोसावी लागते, हे नुकसान खरंच मोठं आहे. पातळी मात्र हळूहळू उतरवावी. घाई केली तर बांधाचा ओला भराव तलावाच्या बाजूला घसरतो.

माझा कौल दुसऱ्यालाच. तरी आधी गळतीचं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल तर रोज मोजत दुरुस्तीची तयारी करता येते. गढूळ असेल, तळाला माती बसत असेल, तर बांध आतून वाहून चाललाय. मग चर्चा नको. खालची वस्ती त्याच दिवशी हलवा.