थायमसची पेप्टाइड्स: अल्फा-१ की बीटा-४?

'प्रतिकारशक्तीसाठी थायमसचं पेप्टाइड' असं कुणी सुचवलं, तर आधी विचारा: कुठलं आणि कशासाठी? थायमस ही छातीतली ग्रंथी, टी-पेशी नावाच्या प्रतिकारक पेशी तिथे तयार होतात; पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली की त्यांची प्रतिकारयंत्रणा कोलमडते, हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. पुढे वासरांच्या थायमसच्या अर्कातून बरीच पेप्टाइड्स वेगळी केली गेली. आडनाव एक, पण कामं निराळी.

खरा विचार करण्याजोगं आहे थायमोसिन अल्फा-१. २८ अमिनो आम्लांची ही साखळी ॲलन गोल्डस्टीन यांच्या गटाने १९७७ मध्ये उलगडली. आता ती कृत्रिमरीत्या बनते. औषधाचं नाव थायमाल्फासिन, 'झाडाक्सिन' या ब्रँडने ओळखलं जाणारं. ते डेंड्रायटिक पेशींना (जंतूंची खबर टी-पेशींना देणाऱ्या पेशींना) जागं करतं आणि त्यांच्यामार्फत टी-पेशींना. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारासाठी त्वचेखाली १.६ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, असे कित्येक महिने. चीनसह अनेक देशांत परवानगी आहे, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मात्र दिलेली नाही. आणि हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर या विषाणूरोधक औषधांची रोजची गोळी असताना, केवळ इंजेक्शन म्हणून ते जास्त जोरकस असेल, असं मानण्याचं कारण मला दिसत नाही.

सेप्सिसमधली (संसर्गाने शरीरातले अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेतली) अल्फा-१ ची कथा अधिक बोलकी आहे. २०१३ मध्ये चीनमधल्या ३६१ रुग्णांच्या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू औषध घेणाऱ्यांत २६ टक्के, इतरांत ३५ टक्के निघाले. आशा वाढली. मग ११०६ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले: २३.४ विरुद्ध २४.१ टक्के. म्हणजे फरक जवळपास शून्य. साठीच्या पुढच्या आणि मधुमेही रुग्णांत थोडा फायदा असावा असा संकेत त्यात आहे, पण उपगटांच्या आकड्यांवर घरचे पैसे लावू नयेत.

थायमोसिन बीटा-४ ही ४३ अमिनो आम्लांची साखळी. ती थायमसपुरती नाहीच, शरीरातल्या बहुतेक पेशींत सापडते. पेशींना आकार आणि हालचाल देणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाला धरून ठेवणं हे तिचं काम, म्हणून संशोधकांचं लक्ष जखमा भरण्याकडे आणि डोळ्यांच्या थेंबांकडे. प्रतिकारशक्तीसाठी ती घेणं म्हणजे चुकीच्या दुकानात जाणं. जिममध्ये खपणारं टीबी-५०० याच कुळातलं. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत दोन्ही आहेत, त्यामुळे स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूचा प्रश्न इथेच संपतो.

थायमोपेंटिन पाच अमिनो आम्लांचं, रक्तात अर्ध्या मिनिटात निम्मं होतं. त्यावर वेळ घालवू नका.

थायमुलिन मात्र वेगळं. नऊ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड जस्त जोडलं गेल्यावरच काम करतं. आनंद प्रसाद यांच्या गटाने माणसांत दाखवलं, की जस्ताची सौम्य कमतरता असली तरी रक्तातलं सक्रिय थायमुलिन घटतं आणि जस्त दिल्यावर सुधारतं. म्हणून जस्त खरोखर कमी असेल, तर महागड्या कुपीआधी ते भरून काढणं मला शहाणपणाचं वाटतं. कमी नसेल, तर जादा जस्त नको, त्याने शरीरातलं तांबं घटतं.

मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्यांनी अल्फा-१ स्वतःहून घेऊच नये. नवा अवयव टिकावा म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते.