एफआय स्कूटरला 'जेट' बसवून ९,४५० रुपये घेतले, मनाली-लेह करणाऱ्यांनी आधी हे वाचा

स्कूटरवर लेहला निघाला असाल तर मनालीच्या आसपास 'अल्टिट्यूड किट' म्हणून जे गळ्यात मारतात ते घेऊ नका. मी घेतलं. ईसीयू मॅपिंग (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं गणित बदलणं) ५,५००, चिप २,७५०, जेट ७००, मजुरी ५००, एकूण ९,४५०. पुढचा खर्च धरला तर २०,६६० रुपये पाण्यात गेले. लिहायला लाज वाटतेय, कारण घरात गाडीचं काही असलं की सगळे मलाच विचारतात. तरी लिहितोय, कारण जुलैत माझ्यासमोर त्याच गॅरेजला अजून दोन स्कूटर उभ्या होत्या.

माझी १२५ सीसीची स्कूटर, २०२१ ची, म्हणजे बीएस६ (प्रदूषणाच्या नियमातली), एफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारी. पुण्याहून रेल्वेने चंदीगडला पाठवली, तिथून मी आणि बायको चालवत वर. मनालीच्या चढाला पिकअप पडलेला जाणवला. आता हे होणारच. मनाली २,००० मीटरच्या वर आहे, हवा विरळ, आणि हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जातेच, कुठल्याही बिनटर्बोच्या इंजिनाची. यात बिघाड काहीच नाही. पण मी ब्रेक दाखवायला म्हणून एका गॅरेजला थांबलो आणि बोलता बोलता पिकअपचं बोलून गेलो, तिथेच फसलो. मेकॅनिक म्हणाला, "सर, ये तो अभी दो हजार मीटर है, बारालाचा पे क्या करोगे? इंजिन सीज हो जाएगा, मैडम को लेके कहाँ बैठोगे?"

बारालाचा खिंड ४,८०० मीटरच्या वर, मागे बायको, मोबाइलला रेंज नाही, संध्याकाळचे सात वाजलेले, आणि पहाटे निघायलाच हवं कारण दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं. अशा वेळी माणूस हो म्हणतो. मी पण म्हटलं. घरी बसून शहाणपण शिकवणाऱ्यांनी एकदा त्या जागी उभं राहून बघावं.

आता जे मला रोज रात्री आठवतं ते सांगतो. तासाभराने त्याने माझ्या तळहातावर कागदाची पुडी ठेवली, "ये आपका पुराना जेट, रख लो." उघडली तर पितळेचा छोटासा तुकडा, वर स्क्रूड्रायव्हरची खाच, मधे बारीक भोक, कडेला नंबर कोरलेला. मी तो ओळखला! बाबांच्या जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर मी अकरा वर्षं पेट्रोलमध्ये धुतलाय, जेटमधून फुंकर मारून उजेडाकडे धरून बघितलंय. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा तुकडा, तो असतो जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरला. माझ्या गाडीला कार्बोरेटरच नाही, इंजेक्टर आहे. मग माझ्या गाडीतून जेट निघाला कुठून? एवढा एक प्रश्न त्याला विचारायचा होता. मी पुडी दुमडून खिशात ठेवली आणि क्यूआर स्कॅन केला. नाव पण गॅरेजचं आलं नाही, कुणाचं तरी खाजगी नाव आलं, तरी पिन टाकला.

शिवाय मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. म्हणाला "किट के बाद जलती है, नॉर्मल है." आणि ट्रायल दिली ती उताराच्या बाजूने, सामान उतरवून, मी एकटा. उताराला कुठलीही गाडी पळते.

जिस्पाला मुक्काम केला तोवर ठीक होतं. दारचा गावाच्या पुढे चढ लागला आणि गाडी गुदमरायला लागली, मागून काळा धूर, थ्रॉटल दिला की अजून बसायची. प्लग काढला तर काजळीने भरलेला. घाटात बायको किती चालली असेल त्याचा हिशोब नाही, त्या उंचीवर पन्नास पावलं चाललं तरी छाती भरून येते. कसेबसे सरचूला पोचलो, तिथून पिकअप ट्रकमध्ये गाडी टाकून लेह, ७,००० रुपये.

लेहच्या मेकॅनिकने सीटखालचं पॅनल काढलं आणि दोन मिनिटांत काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली 'चिप' कापून हातात दिली. साधा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, दोन रुपयांचा. हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीत जोडलेला. त्याने काय होतं, तर ईसीयूला वाटतं हवा आहे त्यापेक्षा थंड म्हणजे दाट आहे, म्हणून ते पेट्रोल वाढवतं. उंचीवर हवा कमी, तिथे पेट्रोल कमी करायला हवं, ह्याने बरोबर उलटं केलं. वरून ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवला, म्हणजे मिश्रण चुकतंय हे ईसीयूला कळायचा रस्ता पण बंद. दिवा त्याचाच होता. कंपनीने दिलेली गाडी हवेचा दाब, तापमान, ऑक्सिजन बघून पेट्रोल आपोआप कमी करते, एफआय आहे कशासाठी! ताकद मात्र कुठलीही चिप परत आणत नाही, कारण हवाच नाही. पुढची टांगलांग ला खिंड ५,३०० मीटरला आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा.

मेकॅनिकने नवीन प्लग आणि मजुरी धरून ३५० घेतले. दुसऱ्या दिवशी मी एकटा त्याच गाडीवर लेहजवळची खारदुंग ला खिंड चढलो, ताशी वीसच्या स्पीडने, पण न थांबता.

चढाला फारच मंद वाटत असेल तर व्हेरिएटरचे (स्कूटरच्या ऑटोमॅटिक गिअरचे) रोलर थोडे हलके टाकता येतात, तो खरा उपाय आहे, पण तो घरून निघायच्या आधी ओळखीच्या माणसाकडून करा. काही गाड्यांमध्ये चावी बंद करून परत लावली की ईसीयू बाहेरचा दाब नव्याने वाचतं, लांब चढाला ते करून बघा. बॅटरी तपासून न्या, किक नसलेल्या एफआयला बॅटरी गेली की काहीच करता येत नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत फोन केला, "आपने खुद पैसा दिया ना?" ग्राहकांच्या हेल्पलाइनवर चार वेळा केला, प्रत्येक वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं सांगा, मग "पक्कं बिल आहे का?" बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? एकाने सांगितलं हिमाचलला जाऊन तक्रार करा. हे साफ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. हे त्या खुर्चीत बसलेल्याला माहीत नसावं? इथल्या सर्व्हिस सेंटरला नेली तर म्हणाले वायरिंग कापलंय, वॉरंटीत बसत नाही, हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) ३,८६० भरा. मॅपिंग तपासलं तर कंपनीचंच निघालं, म्हणजे ५,५०० नुसते लॅपटॉप उघडून बसायचे घेतले. कापणारा दुसरा, भरणारा मी, आणि ऐकून घ्यायला कुणी नाही.

जिल्हा आयोगाचा अर्ज तयार केलाय. यूपीआयचा स्क्रीनशॉट, तो रेझिस्टर आणि पुडीतला जेट सोबत लावतोय. तुमच्याकडून कुणी मनालीकडे अशाच 'चिप'चे पैसे घेतले असतील तर पेमेंटचा पुरावा ठेवा आणि मला कळवा, एकत्र तक्रार टाकू.