स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन: दहा महिने, एक पावसाळा आणि दोनदा बदललेले बुश

गाडी 1968 ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, 1296 सीसी. रोजच्या कामाची नाही. रविवारी पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे, कधी ठोसेघर, कधी मेढ्यामार्गे महाबळेश्वर. गेल्या दिवाळीत पुढचं सस्पेन्शन पूर्ण खोलून नवं बसवलं. तेव्हापासून 3,800 किलोमीटर झाले आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला. आता लिहायला हरकत नाही.

सुरुवात आवाजानं झाली. पोवई नाक्याकडे येताना स्पीडब्रेकरवर डाव्या चाकातून 'टक्' असा एकच ठोका यायचा. साठच्या पुढे गाडी रस्ता सोडून जरा भटकायची. दोन गॅरेजमध्ये शॉकअप गेलेत असं सांगितलं. शॉकअप बदलले, ठोका तसाच.

शेवटी मीच गाडी जॅकवर घेतली. या गाडीचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडतं, त्यामुळे टायरवर बसून सगळं डोळ्यांसमोर दिसतं. चाक वर-खाली धरून हलवलं तर चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा. मग पुतण्याला ब्रेक दाबून धरायला लावला. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट नाहीतर ट्रनियन. राहिला.

ज्यांच्याकडे ही गाडी किंवा आपली मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे त्यांनी ट्रनियन नीट समजून घ्यावं. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना एकाच घराण्यातली. चाक धरणारी जी उभी लोखंडी व्हर्टिकल लिंक असते तिला वर बॉल जॉइंट असतो, पण खाली आटे असतात आणि ते आटे पितळी ट्रनियनमध्ये फिरतात. स्टेअरिंग वळवलं की लिंक त्या आट्यात फिरते, म्हणजे गाडीचं वजन आणि वळण दोन्ही त्याच आट्यांवर. म्हणून तिथे ग्रीस चालत नाही, गिअरबॉक्सला घालतात तसलं नव्वद नंबरचं तेल लागतं. कंपनीनंही तेलच सांगितलंय.

आमच्या मेस्त्रीकाकांना हे पटेना. "अहो, निपल बसतंय म्हंजे ग्रीसच की!" त्यांचाही दोष नाही. तिथे मुळात प्लग असतो, तो काढून निपल (गन लावायचं बारीक तोंड) लावूनच तेल भरायचं असतं, आणि एकदा निपल दिसलं की कुणाचाही हात ग्रीसगनकडेच जाणार.

डावं ट्रनियन उघडलं तेव्हा आत पिवळं ग्रीस कंदी पेढ्यासारखं घट्ट बसलेलं निघालं. ते आट्यांपर्यंत पोचलंच नव्हतं. खालून पाणी शिरून शेवटच्या चार-पाच आट्यांवर गंज धरला होता आणि त्याच्या वर, जिथे आटे संपून दांडा सुरू होतो तिथे, नखाला लागेल अशी बारीक चर पडली होती. ही लिंक नेमकी तिथेच तुटते आणि चाक आत दुमडतं. त्या चरेवरून बोट फिरवलं तेव्हा यवतेश्वरच्या घाटातली सगळी वळणं आठवली. मुलीला शेजारी बसवून मी तोच घाट उतरलो होतो.

आता पार्ट. पहिली ट्रनियनची जोडी स्वस्त मिळाली म्हणून घेतली ती वाया गेली. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. नव्या लिंकवर चढवून पाहिली तर हातानं डुगडुगत होती, म्हणजे जुनी झिजलेली बरी. नंतर ओळखीच्या टर्नरनं गनमेटलमध्ये करून देतो म्हटलं. हात चांगला आहे त्याचा, पण डाव्या बाजूला डावे आटे, उजव्या बाजूला उजवे, आणि आट्यांची घडण अगदी नेमकी लागते. चाकाचा जीव अवलंबून असलेल्या जागी मला प्रयोग नको होता. इंग्लंडहून चांगल्या प्रतीची जोडी आणि दोन्ही व्हर्टिकल लिंक मागवल्या. कुरियर आणि कस्टम धरून रक्कम जवळपास दुप्पट झाली. तरी हा खर्च मी पुन्हा करीन. दहा महिन्यांनी चाक हलवून पाहिलं, प्ले शून्य. बसवताना ट्रनियन पूर्ण आवळून मग थोडं मागे फिरवायचं, नाहीतर पूर्ण वळणात आटे अडकतात. ही गाडी साधारण 24 फुटांत वळते, चाकं फार फिरतात, तेव्हा हे विसरून चालणार नाही.

बुशच्या, म्हणजे सांध्यांमध्ये बसणाऱ्या मऊ नळ्यांच्या, बाबतीत माझी निवड चुकली. 'एकदा बसवा, जन्माची चिंता नाही' हे ऐकून सगळीकडे लाल पॉलियुरेथेनचे बुश घातले. गुळगुळीत हायवेला गाडी झकास, स्टेअरिंग एकदम तरतरीत. पण गावातल्या रस्त्यावर प्रत्येक खडा हातात यायचा, डॅशबोर्ड थरथरायचा, आणि तीन महिन्यांत कुरकुर सुरू झाली. मार्चमध्ये विशबोनचे (चाक गाडीला जोडणारे आडवे हात) बुश काढून परत रबरी घातले. अँटी-रोल बारला मात्र पॉलीच ठेवले, तिथे त्यांचा त्रास नाही आणि गाडी वळणात कमी कलते. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. मेस्त्रीकाका घाई करत होते, मी अडून बसलो.

स्प्रिंग जुन्याच ठेवल्या, दोन्हींची उंची मोजून सारखी आली म्हणून. गाडी खाली दिसावी म्हणून आखूड, कडक स्प्रिंग घालायचा मोह मलाही झाला होता. सातशे किलोच्या आसपासची हलकी गाडी, आपले रस्ते, आपले स्पीडब्रेकर. कडक स्प्रिंगवर चाक खड्ड्यातून उडतं, पकड सुटते. शॉकअप ॲडजस्टेबल घेतलेत, ते मऊच्या बाजूला ठेवल्यावर घाटात गाडी सगळ्यात छान बसते.

एक तक्रार राहिली. नव्या बॉल जॉइंटची रबरी टोपी पाचव्या महिन्यातच चिरली. पावसाआधी दिसली म्हणून वाचलो. जॉइंट ठीक आहे, टोपी दुसरी घातली.

अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये ही गाडी नसते. आकडे मॅन्युअलमधून लिहून न्या, आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागच्या शिमनं (पातळ पत्र्यानं) बदलतो हे त्याला आधी सांगा. मला दोन चकरा पडल्या.

तेल मी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर भरतो, जुनं बाजूनं बाहेर येईपर्यंत. यंदा ऑगस्टमध्ये कासच्या धुक्यात दोनदा भिजून आल्यावर मध्येही एकदा भरलं. बाहेर आलेलं तेल काळं होतं, पण त्यात पाणी नव्हतं. चर पडलेली ती डावी लिंक शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली आहे. हेराल्डवाले कुणी साताऱ्यात आले तर आपली खोलण्याआधी ती हातात घेऊन बघा.